न्यूयॉर्कचा पहिला भूमिपुत्र महापौर

१६७३ च्या फेब्रुवारीत डच सेनानी रायक्लॉफ व्हान गोएन्स आपलं आरमार घेऊन मुंबईसमोर येऊन ठाकला. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरनं बेटाच्या बचावाची तयारी केलेली होती. ती पाहून डचांनी हल्ल्याचा बेत सोडला आणि मुंबई इंग्रजांकडेच राहिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, त्याच युद्धात, दुसरं एक डच आरमार अटलांटिकच्या पलीकडे मॅनहॅटन बेटाच्या टोकाशी उतरलं. तिथला इंग्रज किल्ला मात्र हल्ला सुरू झाला त्याच दिवशी पडला. न्यूयॉर्कचं नाव बदलून न्यू ऑरेंज झालं. पुढच्या वर्षी युरोपात तह झाला, सव्वा वर्षानं गाव पुन्हा इंग्रजांना मिळालं आणि जुनं नाव परत आलं. जुनं म्हणजे नऊच वर्षांचं. त्याआधी, १६६४ पर्यंत, ते न्यू ॲमस्टरडॅम होतं.

या गावात १६४३ साली जन्मलेल्या स्टेफानस व्हॅन कॉर्टलंटनं बत्तिशी गाठायच्या आत किल्ल्यावरचा झेंडा तीनदा बदलताना पाहिला. चौतिसाव्या वर्षी, १६७७ मध्ये, तो त्याच गावाचा महापौर झाला. त्याच भूमीवर जन्मलेला न्यूयॉर्कचा हा पहिला महापौर, अशी त्याची ओळख संदर्भग्रंथांतून दिली जाते. ओळख खरी आहे, पण ती युरोपीय वसाहतवाल्यांपुरतीच. ज्या लेनापे लोकांची ही जमीन होती त्यांच्यात महापौर नेमायची पद्धत नव्हती आणि त्यांची मोजदाद या यादीत कुणी धरलेली नाही.

मराठीत हे चरित्र कशाला, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न रास्त आहे. व्हॅन कॉर्टलंट लढवय्या नव्हता, विचारवंत नव्हता. त्याच्या नावावर एखादं गाजलेलं भाषणही नाही. आपल्याकडे कंपनी सरकारचा इतिहास वाचताना आपण गव्हर्नर पाहतो, सेनापती पाहतो, फार तर दुभाषे आणि दलाल पाहतो. व्यापारी पेठेतला माणूस हळूहळू राज्यकारभारात कसा मुरतो, राज्य बदललं तरी जागचा का हलत नाही, याचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचित सापडतं. माझ्या मते व्हॅन कॉर्टलंटचं खरं भांडवल माल नव्हता, जहाजंही नव्हती. कुठल्याही सत्तेला लागतो तो हिशेब, नोंद आणि नातं या तीन गोष्टी त्याच्या हातात होत्या. एकदाच, १६८९ मध्ये, तिन्ही एकदम निरुपयोगी ठरल्या. पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग त्या प्रसंगाला दिला आहे तो यामुळेच.

बापापासून सुरुवात करायला हवी. ओलॉफ स्टेव्हेन्सन डच वेस्ट इंडिया कंपनीचा साधा शिपाई म्हणून १६३० च्या दशकाच्या अखेरीस न्यू ॲमस्टरडॅमला आला. पुढे त्यानं दारूभट्टी काढली, जमिनी घेतल्या आणि तो गावाचा बर्गोमास्टर, म्हणजे नगरप्रमुखांपैकी एक झाला. ज्या गल्लीत बिअरच्या भट्ट्या होत्या ती ब्राउअर स्ट्राट. १६५० च्या दशकात तिच्यावर गोटे बसवले गेले आणि पुढे तिचं नाव स्टोन स्ट्रीट झालं. आज तिथे संध्याकाळी वॉल स्ट्रीटवरची नोकरदार मंडळी टेबलं मांडून बिअर पीत बसतात, म्हणजे गल्लीनं धंदा फारसा सोडलेला नाही. आई आनेत्ये लोकरमान्स. तिचा भाऊ गोव्हर्ट हा वसाहतीतल्या बड्या व्यापाऱ्यांपैकी एक. शिपायाला सावकारांच्या घरात प्रवेश मिळाला तो या लग्नानं.

१६६४ च्या सप्टेंबरमध्ये इंग्रज गलबतं बंदरात शिरली तेव्हा डच गव्हर्नर पीटर स्टाइव्हेसंटला लढायचं होतं. गावातल्या व्यापाऱ्यांना लढायचं नव्हतं. शरणागतीची कलमं ठरवायला जे डच प्रतिनिधी बसले त्यांत ओलॉफ होता. ती कलमं वाचण्यासारखी आहेत. हरलेल्यांची घरं, माल आणि जहाजं शाबूत राहतील, धर्माला हात लागणार नाही, वारसा डच रिवाजाप्रमाणेच चालेल. आपल्याच गावाचा पराभव इतक्या बारकाईनं लिहून घेणारी माणसं कमी असतात. एकवीस वर्षांच्या स्टेफानसनं हे जवळून पाहिलं. वारशाच्या त्या कलमाचं पुढे त्याच्या स्वतःच्या घरात काय झालं ते शेवटी येईल.

त्याचा धंदा काय होता? एका वाक्यात सांगायचं तर वरच्या हडसन खोऱ्यातून खाली येणारं सगळं आणि युरोपातून वर जाणारं सगळं. ऑल्बनीला इरोक्वॉय लोक बीव्हरची कातडी आणत. ती न्यूयॉर्कला येत आणि जहाजानं ॲमस्टरडॅमला किंवा लंडनला जाऊन टोप्या बनत. उलट दिशेनं कापड, बंदुका, दारू, भांडी येत. गव्हाचं पीठ आणि बिस्किटं वेस्ट इंडीजच्या साखर बेटांकडे जात आणि तिथून साखर, काकवी, रम परत येई. नाणं कमीच. बीव्हरचं कातडं हेच चलन, शिंपल्यांच्या मण्यांची वाम्पम माळ हेही चलन, शिवाय स्पॅनिश डॉलर. या सगळ्यांचे भाव एकमेकांत रूपांतरित करत वही लिहिणं हेच मुळात कौशल्याचं काम होतं. इंग्रज कायद्यानं डच बंदरांशी थेट व्यापार बंद केल्यावर न्यूयॉर्कचे डच व्यापारी वाटेत डोव्हरला थांबत, तिथे इंग्लंडची जकात भरत आणि मग ॲमस्टरडॅमचा रस्ता धरत. कायदा पाळला जाई, जुना ग्राहकही सुटत नसे.

अशा व्यापारात दोन हजार कोसांवरच्या माणसावर विश्वास टाकावा लागतो आणि तो विश्वास बाजारात विकत मिळत नाही. म्हणून सोयरीक. स्टेफानसनं १६७१ मध्ये ऑल्बनीच्या गेर्ट्राउड स्काइलरशी लग्न केलं. तिचा भाऊ पीटर पुढे ऑल्बनीचा पहिला महापौर झाला. तिची बहीण अलिडा हिनं दुसऱ्या लग्नानं रॉबर्ट लिव्हिंगस्टनला गाठलं. हा स्कॉट बापाचा, डच भाषा सफाईनं बोलणारा, महत्त्वाकांक्षी कारकून. स्टेफानसची बहीण मारिया रेन्सेलरस्वाइक या अवाढव्य जहागिरीच्या घरात दिलेली होती. नवरा वारल्यावर तिनं तिथला कारभार अनेक वर्षं रेटला आणि हिशेबाच्या कामात भावाला ओढलं. तिचा पत्रव्यवहार टिकला, पुढे छापलाही गेला. गहू किती आला, कुळांनी काय थकवलं, तब्येत कशी आहे, सासरचे हॉलंडहून काय कटकटी करताहेत, हे सगळं त्यात एकापाठोपाठ एक येतं. स्टेफानस माणूस म्हणून कसा होता हे त्याच्या कुठल्याही सरकारी कागदापेक्षा या पत्रांतून अधिक कळतं. तो काटेकोर आहे, सावध आहे आणि बहिणीशी बोलतानाही हिशेबाचा धागा सोडत नाही.

१६७४ च्या अखेरीस इंग्रज परत आले आणि गव्हर्नर एडमंड अँड्रॉसनं रहिवाशांकडून राजनिष्ठेची शपथ मागितली. आठ प्रतिष्ठित डच व्यापाऱ्यांनी आधी १६६४ च्या सवलतींची हमी द्या असा आग्रह धरला. त्यांत माजी महापौर कॉर्नेलिस स्टीनवाइक होता, निकोलस बायार्ड होता. त्यांच्यावर खटला भरला, मालमत्ता जप्तीचा निकाल लागला आणि अखेर सगळे नमले. या आठांत व्हॅन कॉर्टलंट हे नाव नाही. दोन वर्षांनी अँड्रॉसनं महापौर नेमताना स्टेफानसला निवडलं यात मला आश्चर्य वाटत नाही. आठांना भित्रे आणि त्याला धूर्त, किंवा आठांना बाणेदार आणि त्याला लाचार ठरवायचा मोह टाळलेला बरा. हमी त्यालाही हवी होती. ती मागण्यापेक्षा हमी देणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसणं त्याला सोयीचं वाटलं.

त्या काळचा महापौर लोकांनी निवडलेला नसे. गव्हर्नर वर्षापुरती नेमणूक करी. वस्ती जेमतेम तीन हजार, उत्तरेला लाकडी तटबंदी, दक्षिणेला किल्ला. आग, कुंपणं, मोकाट डुकरं, बाजाराचे दिवस, पावाचं वजन हे सगळं महापौर आणि आल्डरमन पाहत. किल्ल्यासमोर पहिली सार्वजनिक विहीर खणली गेली ती १६७७ मध्येच. हीच मंडळी न्यायालय म्हणूनही बसत आणि कर्जाचे, कराराचे, गलबतांच्या भाड्याचे दावे ऐकत. मुंबईत १७२८ पासून चाललेलं मेयर्स कोर्ट ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही. व्यापारीच न्यायाधीश आणि पक्षकारही बहुधा त्यांच्याच ओळखीतले.

या न्यायाधीशांच्या हातातली सर्वांत मोलाची गोष्ट मात्र चाळणी होती. १६७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क शहराला निर्यातीचं पीठ चाळण्याचा आणि पिंपांत भरण्याचा एकाधिकार मिळाला. हडसनच्या काठचा शेतकरी गहू पिकवू शकत होता, दळूही शकत होता, पण चाळून समुद्रापार पाठवायचा तर तो शहरातूनच. शहराची भरभराट झाली, ऑल्बनी आणि खोऱ्यातली गावं चरफडत राहिली. १६९४ मध्ये विधिमंडळानं हा मक्ता मोडला. न्यूयॉर्कच्या १६८६ च्या शिक्क्यावर पवनचक्कीची पाती, पिठाची पिंपं आणि बीव्हर आहेत, ते या दिवसांचं स्मारक. व्हॅन कॉर्टलंटनं मक्त्यावर वैयक्तिक किती कमावलं हा प्रश्न मला गौण वाटतो. कारण शहराचा फायदा आणि त्याच्या वर्गाचा फायदा तेव्हा वेगळा काढताच येत नव्हता.

आता १६८९. स्टेफानस १६८६ पासून पुन्हा महापौर होता, शिवाय गव्हर्नरच्या कौन्सिलचा सदस्य. इंग्लंडात विल्यम ऑफ ऑरेंज उतरला, कॅथलिक राजा दुसरा जेम्स पळाला, आणि ही बातमी अमेरिकेत अर्धवट, अफवांसह पोचली. बोस्टनच्या लोकांनी एप्रिलमध्ये अँड्रॉसला तुरुंगात टाकलं. न्यूयॉर्कमध्ये राहिले उपगव्हर्नर फ्रान्सिस निकल्सन आणि कौन्सिलचे तिघे : फ्रेडरिक फिलिप्स, बायार्ड आणि व्हॅन कॉर्टलंट. नवा राजा कोण याचा अधिकृत कागद आलेला नाही, तोवर जुन्या राजाच्या नेमणुका कायम, अशी त्यांची भूमिका. कायद्यानं ती बिनचूक होती. रस्त्यावर मात्र लोक म्हणत होते की फ्रेंच येतील आणि आपले अधिकारी गाव त्यांच्या हवाली करतील. एका वादात निकल्सननं लष्करी अधिकाऱ्याला सुनावलं की तुमचा हुकूम ऐकण्यापेक्षा गाव जळालेलं परवडलं. वाक्य गावभर झालं, आणि निकल्सन गाव जाळणार आहे अशी हाकाटी उठली.

मे अखेरीस नागरी पलटणीनं किल्ला ताब्यात घेतला. लवकरच तिचं पुढारपण याकोब लाइसलरकडे आलं. फ्रँकफुर्टच्या एका रिफॉर्म्ड पाद्र्याचा हा मुलगा, १६६० मध्ये कंपनीचा शिपाई म्हणून आला आणि व्यापारात श्रीमंत झाला. म्हणजे हुबेहूब ओलॉफची वाट. इतकंच नव्हे, लग्नसंबंधानं तो लोकरमान्स घराण्याशी, म्हणजे स्टेफानसच्या आजोळाशी, जोडलेला होता आणि त्या घराण्याच्या इस्टेटीवरून दोन्ही बाजूंत वितुष्ट होतं. बंडाची कारणं धर्मात, राजकारणात आणि पोटापाण्यात शोधणारे इतिहासकार बरोबर आहेत. पण भाऊबंदकी जवळून पाहिलेल्या मराठी वाचकाला या नात्याचा उल्लेख तळटीपेत टाकलेला पटणार नाही, म्हणून या पुस्तकात तो मजकुरात घेतला आहे.

निकल्सन जूनमध्ये इंग्लंडला निघून गेला. जकात नाक्यावर कौन्सिलनं नेमलेल्या माणसांना लाइसलरच्या सशस्त्र लोकांनी हुसकून लावलं. जुलैत स्टेफानसनं या साऱ्याचा वृत्तांत लांबलचक पत्रात अँड्रॉसला कळवला. ज्याला लिहिलं तो बोस्टनला कैदेत होता. तरीही अहवाल वरिष्ठाकडेच गेला पाहिजे, ही या माणसाची वृत्ती. त्याला शिवीगाळ झाली, धमक्या आल्या. गावातल्या ज्या लोकांच्या दाव्यांवर तो निकाल देत असे तेच आता त्याच्या दारात उभे होते. ऑक्टोबरमध्ये प्रॉटेस्टंट मतदारांनी पीटर डेलानॉय याला महापौर निवडलं. लोकांच्या मतानं महापौर होणारा न्यूयॉर्कच्या इतिहासातला हा पहिला माणूस, आणि दुसरा होण्यासाठी १८३४ साल उजाडावं लागलं. नव्या मंडळींनी शहराची सनद, शिक्का आणि दप्तर मागितलं तेव्हा गेर्ट्राउडनं त्यांच्या तोंडावर दार लावलं असं सांगतात. जानेवारी १६९० मध्ये अटकेचे हुकूम निघाले. बायार्ड सापडला आणि वर्षभराहून अधिक काळ किल्ल्यात खितपत पडला. स्टेफानस निसटला.

१६९१ मध्ये नवा गव्हर्नर हेन्री स्लॉटर आला, लाइसलर पकडला गेला आणि देशद्रोहाच्या आरोपाखाली दोषी ठरला. इंग्लंडहून अंतिम निर्णय येईपर्यंत थांबावं की नाही, यावर स्लॉटर घुटमळत होता. ज्या कौन्सिलनं शिक्षा ताबडतोब अंमलात आणा असं सुचवलं तिच्या बैठकीत फिलिप्स, बायार्ड आणि स्टेफानस व्हॅन कॉर्टलंट बसलेले होते. १६ मे रोजी लाइसलर आणि त्याचा जावई मिलबोर्न यांना फाशी देऊन त्यांची मुंडकी उडवण्यात आली. चार वर्षांनी पार्लमेंटनं दोघांवरचा ठपका रद्द केला. व्हॅन कॉर्टलंटच्या चाहत्यांनी लिहिलेली जुनी चरित्रं या बैठकीवरून घाईघाईनं पुढे सरकतात. मला ते अप्रामाणिक वाटतं. आयुष्यभर कागद येईपर्यंत थांबा म्हणणाऱ्या माणसानं इथे कागदाची वाट पाहिली नाही.

पुढची नऊ वर्षं पदांची आहेत. न्यायाधीश, लष्करी कर्नल, जकातीचा कारभार, मृत्यूपूर्वी काही आठवडे वसाहतीचा मुख्य न्यायाधीश. यादी लांब आहे आणि कंटाळवाणी, म्हणून ती एका प्रकरणात आटोपली आहे. जमिनीची गोष्ट वेगळी. १६८३ मध्ये त्यानं क्रोटन नदीच्या परिसरात किचावांक लोकांकडून वाम्पम आणि माल देऊन जमीन घेतली आणि मग तुकड्याला तुकडा जोडत गेला. विकणाऱ्यांच्या दृष्टीनं हा शिकारीचा, वापराचा करार होता, की कायमचं खरेदीखत? दोन्ही बाजूंची समजूत एक नव्हती एवढं नक्की, आणि नोंदवही एकाच बाजूकडे होती. १६९७ मध्ये गव्हर्नर बेंजामिन फ्लेचरनं राजाच्या नावानं सनद दिली आणि सुमारे ८६,००० एकरांचं कॉर्टलंट मॅनर अस्तित्वात आलं. सरकारला द्यायचा वार्षिक सारा चाळीस शिलिंग. आपल्या वतनांशी याचं साम्य दिसतं, पण गोतसभा, गावगाडा, बलुतं असं काही खाली नव्हतं. वरून आलेला कागद आणि खाली मोकळी करून घेतलेली जमीन, एवढंच.

फ्लेचर हे नाव आपल्या किनाऱ्याशी जोडलेलं आहे, म्हणून त्याच्यावर थोडं अधिक. हिंदी महासागरात लूट करणाऱ्या चाच्यांना न्यूयॉर्कमध्ये तो पैसे घेऊन अभय देई. १६९५ मध्ये हेन्री एव्हरीनं मक्केहून परतणारं पातशाही जहाज ‘गंज-ई-सवाई’ लुटलं. पातशहा औरंगजेब तेव्हा भीमेकाठी ब्रह्मपुरीच्या छावणीत मराठ्यांशी झुंजत होता, आणि सुरतेच्या इंग्रजांना या लुटीपायी बेड्या पडल्या. त्या लुटीचा माल न्यूयॉर्कलाच आला असं नाही, पण तशा लुटीला न्यूयॉर्क ही ओळखीची बाजारपेठ होती. फ्रेडरिक फिलिप्सची जहाजं मादागास्करच्या चाच्यांना रसद पुरवत आणि परतताना पूर्वेकडचा माल आणि गुलाम आणत. हा फिलिप्स १६९२ मध्ये स्टेफानसच्या बहिणीचा, कॅथरिनाचा, नवरा झाला. कॅप्टन विल्यम किडही न्यूयॉर्कचाच घरदार असलेला माणूस. १६९७ मध्ये तो कारवारला पाणी भरायला आला आणि बाहेर पडताच गोव्याहून आलेल्या पोर्तुगीज जहाजांशी भिडला. पुढचा गव्हर्नर बेलमाँट यानं फ्लेचरच्या भानगडी उकरून काढल्या, काही अवाढव्य जमीनदाऱ्या रद्द करवल्या. व्हॅन कॉर्टलंटची सनद मात्र टिकली आणि जकातीच्या कामासाठी बेलमाँटनंही त्यालाच बोलावलं. चोरांच्या कारभारात आणि चोर पकडणाऱ्याच्या कारभारात एकच माणूस लागावा, याला त्याची सचोटी म्हणायची की दुसरा कुणी हिशेब जाणणारा नव्हता म्हणायचं, हे वाचकानं ठरवावं. त्याच्या घरात गुलाम राबत होते हेही इथेच नोंदवतो. त्या काळी सगळेच ठेवत, ही सबब मला पुरेशी वाटत नाही. सगळे म्हणजे ज्यांची चरित्रं लिहिली गेली ते.

१७०० च्या नोव्हेंबरमध्ये तो वारला. मागे अकरा मुलं आणि गेर्ट्राउड. ती १७२३ पर्यंत जगली. इंग्रजी मॅनर म्हटलं की थोरल्याकडे सगळं जातं. स्टेफानसनं तसं केलं नाही. थोरल्या योहानेसला नदीकाठचं एक भूशिर जादा दिलं आणि उरलेली जमीन अकराही मुलांत, मुलींसह, सारखी वाटायला सांगितली. १६६४ च्या कलमांत त्याच्या बापानं लिहून घेतलेला डच रिवाज तो हाच. त्याची मुलगी ॲन हिनं फ्रान्समधून परागंदा झालेल्या ह्युगेनॉ व्यापाऱ्याशी, स्टीफन डी लान्सीशी, लग्न केलं. सासऱ्याकडून आलेल्या जागेवर त्यानं १७१९ मध्ये घर बांधलं. पुढे तिथे फ्रॉन्सिस टॅव्हर्न निघालं, न्यूयॉर्कचं चेंबर ऑफ कॉमर्स १७६८ मध्ये तिथेच स्थापन झालं आणि १७८३ मध्ये वॉशिंग्टननं आपल्या अधिकाऱ्यांचा निरोप घेतला तोही तिथेच. दुसऱ्या एका मुलीचा नातू... नव्हे, मुलगाच जनरल फिलिप स्काइलर. वंशावळी इतक्या गुंतलेल्या आहेत की लिहिणाऱ्याचीही वाट चुकते, म्हणून शेवटी एक तक्ता जोडला आहे.

वाचण्याआधी दोन सूचना. ब्रॉन्क्समधलं व्हॅन कॉर्टलंट पार्क, सबवेच्या पहिल्या क्रमांकाच्या गाडीचं शेवटचं स्टेशन जिथे आहे आणि जिथे सुटीच्या दिवशी भारतीय आणि कॅरिबियन मंडळी क्रिकेट खेळतात, ते स्टेफानसचं नव्हे. ती जमीन त्याचा धाकटा भाऊ याकोबस याच्या शाखेची. तोही महापौर होता आणि त्यामुळे दोघांची गल्लत सर्रास होते. स्टेफानसच्या शाखेचं घर क्रोटनला आहे. दुसरी सूचना तारखांची. इंग्रज अमलात जुनी दिनदर्शिका आणि मार्चमध्ये सुरू होणारं वर्ष, डच कागदांत बहुधा नवी दिनदर्शिका, असा घोळ आहे. दिवस मूळ कागदातले ठेवले आहेत, वर्ष मात्र सर्वत्र जानेवारीपासून धरलं आहे. आणि १६८९ च्या प्रकरणाचे बरेचसे तपशील व्हॅन कॉर्टलंट आणि बायार्ड यांच्याच लेखणीतून आलेले आहेत, तेव्हा लाइसलरच्या बाजूची पत्रं परिशिष्टात दिली आहेत, ती त्या प्रकरणाच्या आधी वाचावीत.